सोयाबीन पिवळं का पडलं? काळी माती, पांढरी माशी आणि माझं चुकलेलं निदान

२०२३ च्या जुलैअखेरीस मामांचा फोटो आला. कळमनुरी तालुक्यातलं त्यांचं रान, कयाधूपासून फार लांब नाही. फोटोत सोयाबीनचा एक पट्टा पिवळा दिसत होता. खाली एवढंच लिहिलं होतं, "पोरी, पिवळं पडायलंय. काय मारू?"

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि विषयच मातीतलं लोह. फोटो मोठा करून पाहिला. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. पट्टा रानाच्या खोलगट भागातला, आणि आठवडाभर पाऊस. मी कळवलं, "मामा, लोहाची कमतरता आहे. कीटकनाशक मारू नका. पाणी काढून द्या, वाफसा आला की हिरवं होईल." झालंही तसंच. मामांनी गावात चार लोकांना सांगितलं की आमची भाची फोटो बघून सांगते.

ऑगस्टच्या शेवटी दुसरा फोटो आला. मी घाईत होते. पुन्हा तेच उत्तर दिलं. या वेळी मात्र ते चुकीचं निघालं.

ही पोस्ट त्या दोन फोटोंमधल्या फरकाबद्दल आहे. परिसंस्थेत सजीव आणि निर्जीव घटक एकमेकांवर परिणाम करतात, हे वाक्य आपण शाळेपासून पाठ करतो. पेटच्या परीक्षेतही लिहितो. पण त्या वाक्याचा खरा अर्थ काय, आणि त्यावर संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या वर्षी कळलं.

आधी व्याख्येतला एक मुद्दा

'इकोसिस्टिम' हा शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली एका लेखात छापला. त्यांचा आग्रह साधा होता. जीव वेगळे आणि त्यांचा परिसर वेगळा, अशी विभागणी आपण अभ्यासाच्या सोयीसाठी करतो. निसर्गात ती एकच व्यवस्था असते. आपण मात्र वहीत दोन रकाने आखतो. सजीव: वनस्पती, प्राणी, जिवाणू, बुरशी. निर्जीव: माती, पाणी, हवा, प्रकाश, तापमान. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या रकान्यात 'माती' निर्जीव बाजूला टाकली की तिथेच घोळ सुरू होतो.

काळी माती निर्जीव आहे का?

हिंगोली जिल्हा बेसॉल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आलेल्या लाव्हाचा हा खडक. डोंगरउतारावर माती उथळ, मुरमाड. खाली नद्यांच्या काठाला, विशेषतः वसमतकडे पूर्णेच्या खोऱ्यात, खोल भारी काळी. तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ही भिजली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता या मातीतली चुनखडी पाहा. नांगरताना जे पांढरट खडे वर येतात ते. ती कुठून आली? बेसॉल्टमध्ये कॅल्शियम असतं, खडक झिजताना ते सुटतं. पण कॅल्शियम कार्बोनेट व्हायला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि मातीत तो मुख्यतः मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून येतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ०.०४ टक्के. मुळांजवळच्या मातीत ते याच्या दसपट, कधी शंभरपट असतं. म्हणजे ज्या चुनखडीला आपण 'निर्जीव घटक' म्हणतो, तिच्यात हजारो वर्षांच्या मुळांचा श्वास अडकलेला आहे.

हान्स येनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, जीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ. त्यात 'जीव' आहेत हे लक्षात ठेवा. मातीवर जीव राहतात हे खरं, पण तेवढंच नाही. जीव माती बनवतातही.

पहिला फोटो: लोह असून उपाशी

बेसॉल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर असतं. मग सोयाबीनला लोह का मिळत नाही?

कारण मातीत असणं वेगळं आणि मुळाला मिळणं वेगळं. आपल्या काळ्या मातीचा पीएच बहुधा साडेसात ते साडेआठ. पीएच एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. लोह गंजासारखं बसून राहतं.

सोयाबीन मात्र गप्प बसत नाही. लोह कमी पडलं की त्याची मुळं तीन कामं करतात. आम्ल सोडून मुळाभोवतीचा पीएच खाली आणतात, लोहाला पकडणारी काही सेंद्रिय संयुगं सोडतात, आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचं फेरसमध्ये रूपांतर करतात. एरवी एवढ्यावर भागतं.

आता आठवडाभराचा पाऊस आणा. पोकळ्या पाण्याने भरल्या. पाण्यातून वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतात. मुळं आणि जिवाणू श्वास घेतच आहेत, पण त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात विरघळतो आणि चुनखडीवर काम करतो:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम + बायकार्बोनेट

बायकार्बोनेट मुळाने सोडलेलं आम्ल गिळून टाकतं. मूळ जेवढं आम्ल ओतेल तेवढं वाया. लोह काही सुटत नाही. लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. (इथे परीक्षेत हमखास चूक होते: हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. लोह लागतं ते हरितद्रव्य बनवण्याच्या प्रक्रियेला.) आणि लोह जुन्या पानांतून नव्या पानांत सहज हलत नाही, म्हणून आधी वरची कोवळी पानं पिवळी पडतात.

या साखळीत दोषी कोण? पाऊस निर्जीव, चुनखडी निर्जीव, श्वसन सजीव, आम्ल सोडणारं मूळ सजीव. यातला पाऊस किंवा चुनखडी, एक दुवा काढा, पान हिरवंच राहील. शेजारच्या मुरमाड रानात तोच पाऊस पडला, तिथे पिवळेपणा नव्हता. उंचवट्यावर तीच चुनखडी होती, तिथेही नव्हता.

मराठवाड्यातला शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतो, ती नेमकी हीच स्थिती: मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे. तो मोजायला आजोबा यंत्र वापरत नव्हते. मातीचा गोळा हातात दाबून सोडायचे, फुटला की म्हणायचे, "झालं, घाला डवरा."

गाठीतलं लोह

साखळी इथे संपत नाही. सोयाबीनच्या मुळांवर ब्रॅडिरायझोबियम जिवाणूंच्या गाठी असतात. पेरणीआधी बियाण्याला आपण जे रायझोबियमचं पाकीट चोळतो, ते यासाठीच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचा एक रेणू फोडून अमोनिया करायला जिवाणूला किमान १६ एटीपी खर्चावे लागतात. ती ऊर्जा पानांतल्या साखरेतून येते.

हे काम करणारं विकर म्हणजे नायट्रोजिनेज. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. गंमत अशी की ऑक्सिजनचा स्पर्श झाला तर ते निकामी होतं, पण एटीपी बनवायला जिवाणूला ऑक्सिजन हवाच. यातून वाट काढतं लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड. ते ऑक्सिजन मोजून मापून पुरवतं. त्यातही लोह असतं. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. आतून पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही.

म्हणजे पाणी साचलं की सोयाबीनला दुहेरी फटका. पानाला लोह नाही म्हणून साखर कमी, गाठीला लोह आणि ऑक्सिजन दोन्ही कमी म्हणून नायट्रोजन कमी. मग खालची जुनी पानंही फिकी पडू लागतात. दोन कमतरता एकाच झाडावर. अशा वेळी 'कशामुळे पिवळं पडलं' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नसतं.

दुसरा फोटो: ऑगस्टने डाव फिरवला

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैत तुंबलेली रानं महिन्याभरात भेगाळली. आणि कोरडी, उबदार हवा पांढऱ्या माशीला मानवते. जोराच्या पावसात प्रौढ माश्या झडून जातात. उघडीप मिळाली की तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार.

पांढरी माशी रस शोषते ते नुकसान वेगळंच. खरा धोका ती वाहून आणते त्या विषाणूचा, पिवळा मोझॅक. हा मूग आणि उडदावरही येतो, आणि आपल्याकडे ही पिकं सोयाबीनच्या बांधालाच असतात. त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनवर मोझॅक आला.

मामांच्या दुसऱ्या फोटोतही पिवळी पानंच होती. पण नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की शिरा हिरव्या नव्हत्या. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे डाग होते. आणि मी एक प्रश्न विचारायलाच विसरले: "मामा, खालच्या बाजूला आहे का रानभर विखुरलंय?" विखुरलेलं होतं. मोझॅकवर बरं करणारं औषध नाही. सुरुवातीला रोगट झाडं उपटून नष्ट करणं आणि माशी आवरणं, एवढंच हातात असतं. माझ्या सांगण्यावरून मामांनी त्याऐवजी फेरस सल्फेट फवारलं आणि वाट बघितली. दहा-बारा दिवसांनी फोन आला, "काय गं, तुझं औषध काही लागू पडंना." तोवर दोन एकरांत पसरलं होतं.

त्या दोन एकरांत त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

मग फरक कसा ओळखायचा?

हे कोष्टक पाठ करायला देत नाही. प्रत्येक खूण कुठल्या यंत्रणेतून आली ते बघा, म्हणजे लक्षात राहील.

- लोहाची कमतरता: कोवळी पानं आधी, शिरा हिरव्या. पट्टे खोलगट, चुनखडीच्या भागात. वाफसा आला की नवी पानं हिरवी येतात. कारण: लोह झाडात हलत नाही आणि बायकार्बोनेट पाणी साचतं तिथेच वाढतं.
- नायट्रोजनची कमतरता: जुनी खालची पानं आधी, पूर्ण पान सारखं फिकं. कारण: झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्यांना देतं. गाठी फोडून बघा.
- पिवळा मोझॅक: हिरव्या-पिवळ्या डागांची नक्षी. आधी एखाददुसरं विखुरलेलं झाड, मग वाढत जातं. पानाखाली पांढरी माशी. कारण: माशी बसेल तिथे विषाणू, तिला चुनखडीशी घेणंदेणं नाही.

लोहाबद्दल शंका असेल तर एक जुनी चाचणी आहे. पातळ, साधारण अर्धा टक्का फेरस सल्फेटचं द्रावण घ्या आणि पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला लावा. काही दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला तर लोहच कमी होतं. फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार देऊन हा संबंध दाखवला होता. या चाचणीचं सौंदर्य बघा: पानाचा उरलेला अर्धा भागच तुमचा कंट्रोल. तेच झाड, तीच माती, तोच पाऊस. मामांना फेरस सल्फेट 'फवारा' म्हणण्याऐवजी 'चार पानांना अर्धं अर्धं लावून बघा' म्हटलं असतं, तर चार दिवसांत कळलं असतं.

ट्रॅक्टरच्या चाकोरीची गोष्ट

एक उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटाचं. तिथेही चुनखडीयुक्त मातीत सोयाबीन पिवळं पडतं. पण शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की पिवळ्या रानात ट्रॅक्टरच्या चाकांच्या रेघा हिरव्या राहतात. दाबलेल्या, घट्ट मातीत पीक जास्त चांगलं? संशोधकांनी मोजलं, तर चाकोरीतल्या मातीत नायट्रेट कमी निघालं.

याचा लोहाशी काय संबंध? मूळ नायट्रेट आत घेतं तेव्हा विद्युतभार सांभाळायला बाहेर बायकार्बोनेट सोडतं आणि मुळाभोवतीचा पीएच वाढतो. म्हणजे नायट्रेट जास्त तर लोहाची अडचण जास्त. चाकोरीत नायट्रेट कमी असण्याचं एक संभाव्य कारण असं की घट्ट मातीत हवा कमी, आणि तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून त्याचा वायू करून टाकतात.

आता मामांच्या खोलगट पट्ट्याशी ताडून बघा. तिथेही हवा कमी होती, पण पीक पिवळं पडलं. इथे हवा कमी, तर पीक हिरवं. कारण हवा कमी झाल्यावर बायकार्बोनेटही वाढू शकतं आणि नायट्रेटही घटू शकतं. कोणता परिणाम वरचढ ठरेल ते पाणी किती, चुनखडी किती, नायट्रेट किती यावर अवलंबून. म्हणून 'हवा कमी = पिवळं' असा सरळ नियम लिहिता येत नाही.

उलट उपायाचंही उदाहरण आहे. चीनमध्ये चुनखडीच्या मातीत भुईमूग एकटा पेरला तर पिवळा पडायचा, मक्याबरोबर आंतरपीक घेतलं तर हिरवा राहायचा. मका हे गवतवर्गीय पीक, त्याची मुळं लोहाला पकडून विरघळवणारे फायटोसिडेरोफोर सोडतात. त्याचा फायदा शेजारच्या भुईमुगालाही झाला. मातीचं रसायन तेच, शेजारी बदलला.

संशोधनात हे कसं उतरवायचं?

आता माझी दुसरी चूक, प्रयोगशाळेतली. पहिल्या हंगामात मी एका रानातून साठ पानांचे नमुने आणले. पिवळी खोलगट भागातली, हिरवी उंचवट्यावरची. चार्ट छान आला. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "तुमचा एन किती?" मी म्हणाले, साठ. त्या म्हणाल्या, "एक. रान एकच आहे."

शिवाय खोलगट भागात पाणीही जास्त, चुनखडीही जास्त, मातीही खोल. फरक कशामुळे ते माझ्या आकड्यांतून कळणं शक्यच नव्हतं. पहिल्या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात (स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा १९८४ चा लेख पीएचडीला नोंदणी करण्याआधीच वाचा), दुसरीला घटकांची सरमिसळ. फोटोवरून निदान करतानाही मी हेच केलं होतं: एक खूण धरली आणि बाकीचं गृहीत धरलं.

सरमिसळ सोडवायची तर घटक आपल्या हाताने वेगळे करावे लागतात. समजा कुंड्यांचा प्रयोग. चुनखडी कमी/जास्त, पाणी वाफशावर/साचलेलं, माती सूक्ष्मजीवांसह/निर्जंतुक. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ मेळ, प्रत्येकी चार कुंड्या, एकूण बत्तीस. यात पाण्याचा परिणाम चुनखडी कमी असताना एक आणि जास्त असताना वेगळा आला, तर संख्याशास्त्रात त्याला आंतरक्रिया म्हणतात. परिसंस्थाशास्त्रातला तोच शब्द. पाठ्यपुस्तकातलं 'सजीव-निर्जीव घटकांची आंतरक्रिया' हे वाक्य मोजता येतं ते असं.

पण इथे एक खाच आहे. माती निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला ठेवली की फक्त जिवाणू मरत नाहीत. मेलेल्या पेशींतून अमोनियम आणि विद्राव्य कार्बन सुटतो, मँगनीज जास्त उपलब्ध होतं. तुम्ही 'सजीव' काढायला गेलात आणि 'निर्जीव'ही बदललं. म्हणून सगळ्याच कुंड्यांत निर्जंतुक माती घ्यायची. अर्ध्यांत ताज्या मातीचा थोडा अर्क घालायचा, उरलेल्या अर्ध्यांत तोच अर्क निर्जंतुक करून. मग दोन्हींतला मुख्य फरक उरतो तो जिवंत जिवाणूंचा. टान्सली म्हणाले ती विभागणी प्रत्यक्षात करायला गेलं की ती किती अवघड आहे हे असं कळतं.

हळदीतही हाच धडा आहे. वसमतकडे पाणी साचलेल्या सरीत कंदकुज वाढते. पिथियम मातीत असतोच, पण त्याचे चलबीजाणू पोहत मुळापर्यंत पोहोचायला मोकळं पाणी लागतं. नुसतं पाणी कंद कुजवत नाही, आणि पाण्याविना पिथियमचा जोर चालत नाही.

जाता जाता

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक गृहपाठ. तुमच्या गावातली एक तक्रार निवडा: आंबेमोहर गळतो, विहिरीचं पाणी हिरवं होतं, तूर उभी वाळते. त्याची साखळी कागदावर काढा आणि प्रत्येक दुव्यापुढे लिहा, 'हा तोडला तर काय दिसायला हवं?' ज्या दुव्यापुढे उत्तर लिहिता येईल तो तुमचा संशोधनाचा प्रश्न. ज्यापुढे लिहिता येणार नाही तिथे अजून वाचायचं आहे.

मामा अजूनही फोटो पाठवतात. आता मी उत्तर देण्याआधी पाच प्रश्न विचारते. रानात कुठं आहे, कधीपासून, वरची पानं की खालची, पानाखाली काय दिसतं, पाऊस कधी झाला. परवा ते वैतागून म्हणाले, "आधी तर लगेच सांगत होतीस!"

मी म्हटलं, "मामा, आधी मला कमी येत होतं."